गौरी जेवून गेल्यावर

गौरी ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. मधली रात्र स्वयंपाकघरासाठी फार महत्त्वाची. काय झाकायचं, काय फ्रिजमध्ये ठेवायचं, काय लगेच शेजारी पोचवायचं, हे तेव्हाच ठरवावं लागतं. नैवेद्याचा स्वयंपाक हात आखडून करण्याची आपल्याकडे रीत नाही. सवाष्णी, शेजारी, आयत्या वेळी येणारे पाहुणे सगळे धरूनच पातेली चढतात. त्यात १६ भाज्यांची एकत्र भाजी थोडी होऊच शकत नाही. प्रत्येक भाजी मूठभर घेतली तरी कढई भरते.

जे उरतं ते सगळं सारखं नसतं. पुरणपोळी गार दुधाशी संपते. कटाची आमटी मुरली की जास्तच चांगली लागते. चिंच-गूळ, तीळ आणि हिरव्या मिरचीचं पंचामृत आंबट-गोडपणामुळे चार दिवस टिकतं. प्रश्न राहतो भाताचा, साध्या वरणाचा आणि त्या एकत्र भाजीचा. ही भाजी दुसऱ्यांदा गरम केली की भोपळा विरघळतो, पडवळाची साल वेगळी होते आणि घरातली मुलं ताट पुढे सरकवतात. तिला गरम करत बसण्यापेक्षा तिचं रूपच बदलावं. आमच्याकडे विसर्जनाच्या संध्याकाळी या तिन्हींचं थालीपीठ होतं.

त्यासाठी आदल्या दिवशी भाताकडे लक्ष द्यावं लागतं. पंगत उठली की भात परातीत पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. भाद्रपदाच्या दमट हवेत भात पातेल्यात कोमट राहिला तर ते वाढतात. त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मी कशातच घालत नाही. अन्न टाकताना जीव तुटतो, पण त्याला इलाज नाही.

फ्रिजमधला भात कडक होतो, कारण गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. फोडणीच्या भाताला ते बरं, शितं मोकळी राहतात. थालिपिठात मात्र ती कचकच दाताखाली येतात. यावर सासूबाईंची रीत अशी: वरणाला खळखळून उकळी आणायची, ते तसंच भातावर ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पंधरा मिनिटांत शितं मऊ होतात, मग हातानं कुस्करायची. पीठ भिजवायला वेगळं पाणी लागत नाही. "पाण्याला हात लावू नकोस, वरण आहे ना," हे त्यांचं वाक्य दरवर्षी ऐकते, आणि ते बरोबर आहे. वरणातली डाळ आणि तूप पिठात गेलं की थालीपीठ दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही.

मग भाजी निवडायची. हे काम घाईनं करू नये. शेवग्याच्या शेंगांचा गर काढून साली फेकायच्या, गवारीच्या शिरा राहिल्या असतील तर ओढायच्या, मक्याच्या कणसाचे तुकडे असतील तर दाणे सोडवायचे. बाकी सगळं मुठीनं दाबून मोडायचं, पण लगदा करायचा नाही.

हीच भाजी पराठ्यात का नको, असं लोक विचारतात. गव्हाची कणीक लाटावी लागते. ओली, जाडीभरडी भाजी आत असली की लाटताना ती फाटते. थालीपीठ थापायचं असतं, त्यामुळे भोपळ्याचा तुकडा कुठेही आला तरी बोट त्याच्याभोवती फिरतं. शिवाय भाजणीतलं ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे हे सगळं आधीच भाजलेलं. त्यामुळे भाजणी ओलावा पिऊन घेते आणि तव्यावर कच्ची राहत नाही.

दोन वाट्या भाजी आणि एक वाटी वरण-भात यांना साधारण दोन वाट्या भाजणी लागते, पण अंदाज हातालाच घेऊ द्यावा. तिखट, हळद, ओवा, तीळ, कोथिंबीर घालायची. मीठ शेवटी आणि चाखून, कारण भाजी आणि वरण दोन्हींत ते आहेच. गोळा दहा मिनिटं झाकून ठेवायचा. गौरी बोळवल्या असल्यानं आता कांदाही चालतो. पण तो थापायच्या अगदी आधी मिसळायचा, नाहीतर पाणी सोडून गोळा सैल करतो. कोकणात कित्येक घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळी-मटणाचा नैवेद्य असतो. तिथे उरल्यासुरल्याचा हा हिशेब अर्थातच वेगळा.

ओल्या फडक्यावर गोळा थापून तव्यावर उलटा टाकायचा आणि फडकं अलगद सोडवायचं. मध्ये एक आणि भोवती चार भोकं पाडून प्रत्येकात तेल सोडायचं. जाड थालीपीठ भोकांमुळेच आतपर्यंत शिजतं, तेल खाली पोचतं आणि वाफ वर निघते. झाकण ठेवून मध्यम आच. चर्र आवाज बारीक झाला आणि कडा तव्यापासून सुटल्या की उलटायचं. दुसरी बाजू झाकण न ठेवता, म्हणजे ती कुरकुरीत होते.

दह्यातली कोशिंबीर आणि खीर यात घालण्याचा मोह टाळावा. कोशिंबिरीनं आंबूस वास येतो, खिरीतल्या साखरेनं तवा करपतो. पुरण चमचाभर उरलं असेल तर मात्र जरूर घालावं, तिखटाच्या मागे गूळ आणि जायफळ हलकंसं जाणवतं. पानात लोण्याचा गोळा असतोच. पण वाटीतलं पंचामृत संपेपर्यंत लोण्याकडे कोणी बघत नाही.