नाक्यावरचा मास्क आणि ओसरीवरची मोकळीक

सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या फुफाट्यातून जाणारा वाटसरू नाकातोंडावर उपरणे गुंडाळतो, खळ्यावर धान्य वारवणारी बाई पदर तोंडाशी ओढून घेते आणि सांगलीच्या हळदपेठेतील हमाल पिवळ्या धुळीपासून बचाव व्हावा म्हणून टॉवेल बांधतो. तेव्हा करोनाच्या साथीत या दोन जिल्ह्यांतील माणसे मास्कला कंटाळली ती केवळ चेहरा झाकण्याची सवय नव्हती म्हणून, असे म्हणण्यास आधार नाही.

नवा होता तो त्यामागचा हेतू. धूळ दृष्टीस पडते आणि उपरणे ज्याचे त्याचे रक्षण करते. विषाणू मात्र बोलता-खोकताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून, ज्याला ताप वा खोकला काहीच नाही अशाच्या श्वासातूनही पसरतो, आणि साधा कापडी मास्क तो बांधणाऱ्यापेक्षा समोरच्याचे रक्षण अधिक करतो. आपण धडधाकट असताना दुसऱ्यासाठी गुदमरून घ्यावे, हे आचरण एकाएकी अंगवळणी पडणारे नव्हते.

म्हणून सरकारने सक्तीचा मार्ग धरला. प्लेगच्या धामधुमीत, १८९७ साली झालेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये राज्यात पुन्हा अंमलात आला, आणि मार्च २०२१ च्या अखेरीस विनामास्क फिरणाऱ्यास राज्यभर ५०० रुपये दंडाचा हुकूम निघाला. परिणामी मास्कला जकातीच्या पावतीची कळा आली: नाक्यावर बंदोबस्त दिसला की तो नाकावर चढे, नाका मागे पडला की हनुवटीवर उतरे. १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरिकांनी मास्कसक्तीविरुद्ध चक्क संघ स्थापन केला होता. आपल्याकडे असा उघड विरोध क्वचितच झाला, कारण हुकूम तोंडदेखला पाळण्याची कला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे.

परंतु खरी गफलत नाक्यावर नव्हे, ओसरीवर झाली. परक्यासमोर मास्क आणि आपल्या माणसांत मोकळीक, असा अलिखित संकेत रूढ झाला. पाहुण्यासमोर तोंड झाकून बसणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, अशी भावना लग्नघरी होती आणि सांत्वनाच्या बैठकीतही होती. वस्तुतः मार्च २०२० मध्येच सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरने उलट धडा दिला होता: तेथे परदेशातून परतलेल्या मंडळींपासून सुरू झालेली लागण काही दिवसांतच एकाच गोतावळ्यातील वीसहून अधिक जणांपर्यंत पोहोचली. दोष कोणा कुटुंबाचा नव्हता. जेथे जिव्हाळा अधिक, तेथे सहवास दीर्घ, आणि जेथे सहवास दीर्घ, तेथेच रोगाला वाव, इतकाच त्याचा अर्थ.

एप्रिल २०२२ मध्ये, गुढीपाडव्याच्या सुमारास, निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. कायद्याचा अधिकार नाक्यापाशी संपतो. घरात चालतो तो शिष्टाचार. खोकला झालेल्या नातवाने आजीजवळ बसताना मास्क बांधला, तर त्यात परकेपणा नसून आदर आहे, एवढे जरी आपण मानले, तरी पुढच्या साथीत निम्मे काम फर्मानावाचून होईल.