शाळा संध्याकाळी सातला भरते

सकाळी ६
२०२० चा ऑगस्ट. कोरोनामुळं शाळा बंद. भातलावणी उरकत आलीय, भाटघर धरणाचं पाणी रोज चढतंय. वाडीत रेंज धड नाही. चांगली मिळते ती वरच्या टेकाडावर, तीही पाऊस उघडला तर. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवर येते. त्यातले व्हिडिओ मी पुढं पाठवत नाही. पालकांचा दिवसाचा डेटा त्यातच जातो. पाठ वाचून घेते आणि दोन मिनिटांत बोलून पाठवते. आवाज पोचतो.

सकाळी ८
२० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागते. मुलं जीव लावून बघतात. टीव्ही कुणाकडं, पडवी कुणाची मोठी, हे ठरवून टाकलंय. मात्र वीज टिकायला हवी. धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र असताना काठावरच्या वाड्यांनी अंधारात बसावं, हे मला पटत नाही.

सकाळी १०
मास्क लावून, जलाशयाला वळसा घालून वस्तीवर. तिसरीतल्या एका मुलीनं काल हातच्याच्या वजाबाकीवर अंगठा पाठवला होता, म्हणजे समजलं. आज ओट्यावर तिच्यापासून लांब बसून गणित घातलं, ५२ वजा २७. उत्तर आलं ३५. दशक उसना घेतला, पण पाचाचे चार करायचे राहिले. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावले. एक गठ्ठा तिनं स्वतः सोडला, उरलेले मोजले आणि म्हणाली, “बाई, चारच राहिले की!” अंगठ्याच्या चित्रात ही चूक मला कधीच दिसली नसती.

दुपारी २
पोषण आहाराच्या तांदळाचं वाटप, माहिती भरायच्या लिंका.

संध्याकाळी ७
आता खरी शाळा. मुलांना फोन द्या म्हणणं सोपं असतं. फोन घरातल्या कमावत्या माणसाचा असतो आणि दिवसभर त्याच्याबरोबर शिरवळच्या कंपनीत असतो. “बाई, पप्पा आत्ता आले,” असा निरोप येतो, मागोमाग वह्यांचे फोटो. घरात दहावीचा दादा असेल तर फोन आधी त्याच्याकडं जातो आणि पहिलीतलं पोर वाट बघत झोपतं. म्हणून पालकांशी बोलून साडेसातपर्यंतचा वेळ धाकट्यांचा ठरवलाय. पहिलीच्या मुलांना मी लिहून उत्तर देत नाही. नाव घेऊन बोलते.

रात्री ९.३०
वह्या तपासून झाल्या. काही घरांत फोनच नाही; ती मुलं कुठल्याच गटात नाहीत, त्यामुळं त्यांची गैरहजेरीही दिसत नाही. त्यांच्यासाठी गणिताची पानं हातानं लिहून ठेवलीत. उद्याची फेरी त्यांच्याकडून सुरू.