नुसती वायर जोडली म्हणून फर्मवेअर बोलत नसतं

"फर्मवेअर बूट होताना अडकतंय? दोन लॅपटॉप यूएसबी केबलने जोड, लॉग दिसतील." हा सल्ला कॉलेजच्या लॅबपासून ऑफिसपर्यंत ऐकू येतो. पण तसं केलं तर काहीही दिसत नाही.

यूएसबीत एक बाजू होस्ट, दुसरी डिव्हाइस. होस्टने विचारल्याशिवाय डिव्हाइस तोंड उघडत नाही, आणि लॅपटॉपचा नेहमीचा ए-पोर्ट होस्टच असतो. दोन मास्तर समोरासमोर बसले तर हजेरी द्यायची कुणी? वर साध्या ए-टू-ए केबलमध्ये पाच व्होल्टची तारही जोडलेली असते. दोन सप्लाय एकमेकांवर आदळून पोर्ट जळू शकतो.

मग कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर बनवणारे यूएसबीवरून लॉग काढतात ते कसे? ईएचसीआय या यूएसबी 2.0 कंट्रोलरच्या 2002 च्या स्पेसिफिकेशनमध्ये 'डिबग पोर्ट' आहे, तोही ऐच्छिक. कंट्रोलरमधली मोजकी रजिस्टर्स, एका खेपेला फार तर 8 बाइट. एवढंच, पण त्याला रॅम लागत नाही. रॅम सुरू करतानाच फर्मवेअर गचकतं तेव्हा याचं मोल कळतं. फक्त मध्ये डिबग डिव्हाइस हवं: नेट20डीसी, किंवा लिनक्सचा जी_डीबीजीपी ड्रायव्हर चढवलेला बीगलबोन ब्लॅक.

"कुठल्याही पोर्टला लावा"? नाही. पोर्ट ठरलेला असतो, बाजारातला हब मध्ये चालत नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये तो पोर्ट बाहेर काढलेलाच नसतो!

"पहिल्या इन्स्ट्रक्शनपासून सगळं दिसतं"? आधी कंट्रोलर सुरू व्हावा लागतो. त्याआधीचं काही दिसत नाही.

"यूएसबी 3 आलं, आता कुठलीही केबल चालते"? यूएसबी 3 च्या एक्सएचसीआय कंट्रोलरमधल्या डीबीसी या डिबग सोयीत तपासायचं मशीन स्वतःच डिव्हाइस बनतं, हे खरं. पण केबल खास लागते, फक्त सुपरस्पीडच्या तारा जोडलेली, पाच व्होल्टची तार तोडलेली. शिवाय डीबीसीला रॅम लागते.

"यूएसबी खुपसली की प्रोसेसर ताब्यात"? ही भीती हवेतली नाही. इंटेलच्या डीसीआय या डिबग सोयीतून यूएसबी 3 वरून जेटॅगसारखा, म्हणजे थेट चिपच्या आतला, प्रवेश मिळतो, हे संशोधक गोर्याची आणि एर्मोलोव्ह यांनी डिसेंबर 2016 मध्ये हॅम्बुर्गच्या 33सी3 परिषदेत दाखवलं होतं. मात्र त्यासाठी डीसीआय चालू असावं लागतं. आपल्या मशीनवर ते बंद आहे ना, हे बघावं.

आणि ईएचसीआयसाठी डिबग डिव्हाइस मागवण्याआधी लिनक्समध्ये रूट होऊन 'एलएसपीसीआय -व्हीव्हीव्ही' चालवा. यूएसबी कंट्रोलरखाली 'डिबग पोर्ट' अशी ओळ नसेल, तर पैसे वाया घालवू नका.