गाभणपणींचें भय आणि पिलांचा स्वभाव

एखादी कालवड माणूस जवळ येतांच बुजते, दावें तोडूं पाहते, पुढें व्यायल्यावर धारेस उभी राहत नाहीं. अशा वेळीं आपण सहज म्हणतों कीं, हिची आईही अशीच होती, हा रक्ताचा दोष आहे. आणि तें रक्त गोठ्यांत नको म्हणून मायलेकींस बाजार दाखवितों. हा निर्णय कित्येकदां बरोबरही असतो. परंतु लेक आईसारखी निपजण्यास रक्त हें एकच कारण नसतें, ही गोष्ट प्रयोगशाळेंतील उंदरांवर झालेल्या दीर्घ संशोधनानें स्पष्ट झाली आहे. ज्यांच्या दारांत गाभण जनावरें बांधलेलीं आहेत, त्या आमच्या वाचकांस या संशोधनाची माहिती असणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

उंदीर हा शेतकऱ्याचा वैरी खरा. पण संशोधकांस तो फार सोयीचा. त्याची मादी सुमारें २२ दिवसांत विते, एका खेपेस अनेक पिलें देते, आणि तीं पिलें कांहीं महिन्यांतच स्वतः प्रजा वाढवूं लागतात. गाईच्या बाबतींत ज्या गोष्टीस दहा वर्षें लागावीं, ती येथें एका वर्षांत पाहावयास मिळते.

१९५७ सालीं अमेरिकेंतील डब्ल्यू. आर. थॉम्पसन यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. माद्या गाभण राहण्यापूर्वीं त्यांस असें शिकविलें होतें कीं, घंटी वाजली म्हणजे विजेचा झटका बसतो, आणि दार ढकलून पळाल्यास तो टळतो. पुढें त्या गाभण असतां घंटी वाजविली; झटका मात्र दिला नाहीं, आणि पळावयाचें दार बंद ठेविलें. शरीरास इजा कांहींच नव्हती. होती ती केवळ भीति. तरीही त्यांचीं पिलें इतर पिलांपेक्षां अधिक बुजरीं निघालीं.

हें घडतें कसें, याचा उलगडा पुढील संशोधनानें बराच झाला. भय उत्पन्न झालें म्हणजे मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून एक स्राव रक्तांत येतो. उंदरांत त्यास कॉर्टिकोस्टेरॉन म्हणतात. गाईंत व माणसांत त्याचें काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतें. वारेंतील एक द्रव्य या स्रावाचा बराचसा भाग निष्प्रभ करून गर्भाचें रक्षण करतें. परंतु भीति रोजची झाली म्हणजे हा बांध खचतो, आणि घडत असलेल्या मेंदूपर्यंत तो स्राव अधिक प्रमाणांत पोंचतो. अशीं पिलें पुढें एकदां भ्यालीं कीं लवकर शांत होत नाहींत.

दुसरा मार्ग आईच्या वागणुकीचा आहे, आणि आमच्या मतें शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत घ्यावा असा तोच आहे. कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठांत मायकेल मीनी व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं दाखविलें कीं, ज्या माद्या पिलांस पुष्कळ चाटतात त्यांचीं पिलें मोठेपणीं संकटांत कमी घाबरतात. १९९९ सालीं त्यांनीं पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईचीं पिलें अधिक चाटणाऱ्या दाईकडे वाढविलीं, तेव्हां तीं दाईच्या वळणावर गेलीं. त्यांतील माद्यांनीं पुढें स्वतःच्या पिलांसही तसेंच चाटलें. म्हणजे जें रक्तांतून उतरलें असें वाटत होतें, तें आईच्या जिभेंतून उतरलें होतें.

२००६ सालीं फ्रान्सेस शॅम्पेन व मीनी यांनीं हे दोन्ही धागे जोडले. मायेनें चाटणाऱ्या माद्यांस गाभणपणीं कोंडून त्रास दिला असतां, व्यायल्यावर त्यांचें चाटणें कमी चाटणाऱ्या माद्यांइतकें खालीं आलें. पुढच्या वेतास कोणताही त्रास दिला नव्हता, तरी तीच उणीव राहिली, आणि त्यांच्या लेकींतही ती दिसली.

मात्र हा लेख निराशेचा नाहीं. फ्रान्समधील स्तेफानिया माक्कारी व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, त्रासलेल्या आईचीं पिलें जन्मतांच दुसऱ्या मादीच्या कुशींत दिलीं, तर हा बिघाड पुष्कळ सुधारतो. पोटांत झालेली हानि बाहेर आल्यावर कांहीं अंशीं भरून निघते.

उंदीर म्हणजे गाय नव्हे, हें आम्ही जाणतों. सर्व प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहींत. नर व मादी पिलांवरील परिणामही भिन्न दिसतात. परंतु गाभणपणींचा ताण पुढील पिढीस भोंवतो, याचा पुरावा गाईंतही आहे. तेथें तो ताण भयाचा नसून उन्हाचा होता, एवढेंच. फ्लोरिडा विद्यापीठांतील संशोधकांनीं भाकड काळांतील कांहीं गाईंस सावलीबरोबर पंखे व पाण्याचे फवारे दिले, कांहींस नुसती सावली. उकाड्यांत राहिलेल्या गाईंचीं वासरें वजनानें कमी भरलीं व चिकांतील रोगप्रतिकारक द्रव्यें त्यांस कमी लागू पडलीं. २०१६ च्या अहवालाप्रमाणें, त्यांतील कालवडींनीं पहिल्या वेतांत ३५ आठवडेपर्यंत रोज सुमारें ५ किलो दूध कमी दिलें.

तेव्हां गाभण गाईम्हशीस शेवटचे दोन महिने सावली, मुबलक पाणी व कोरडें आंथरूण द्यावें. या काळांत तिला दूरच्या बाजारीं नेऊं नये, जागा वारंवार बदलूं नये, काठी व कुत्रा यांपासून जपावें, आणि तिची निगा ओळखीच्या माणसाकडेच ठेवावी. व्यायल्यावर वासरूं तिला मनसोक्त चाटूं द्यावें.

यांस खर्च थोडा, लक्ष मात्र पुष्कळ लागतें. शिवाय आमची अशी सूचना आहे कीं, गोठ्याच्या वहींत दुधाच्या आंकड्यांबरोबर गाभणपणीं जनावरावर काय प्रसंग गुदरला, हेंही टिपून ठेवावें. कालवड बुजरी निघाली, तर विकण्यापूर्वीं तें पान उघडून पाहावें. दोष रक्ताचा कीं आपल्या गोठ्याचा, याचा निवाडा करण्यास तें पान उपयोगी पडेल.