टीईटीचा उतारा आणि गुरुजींची इंग्रजी

घाटावर चिखली-मेहकर असो की घाटाखाली मलकापूर-संग्रामपूर, १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर बुलढाणा जिल्ह्यात दोन शिक्षक भेटले की बोलणे फिरून टीईटीवर, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवर, येते. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, नाही तर नोकरीवर पाणी सोडायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. २३ नोव्हेंबरला परीक्षा झाली, ५ डिसेंबरला शिक्षकांनी राज्यात शाळा बंदची हाक दिली. निकाल योग्य की अन्यायाचा, यावर भरपूर लिहून झाले आहे. पण या परीक्षेतल्या एका तुकड्याची धास्ती अनेक अनुभवी शिक्षकांनी घेतली आहे आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. तो तुकडा म्हणजे भाषा-२, इंग्रजी. आणि त्यातही न पाहिलेला उतारा.

ही धास्ती कुठून आली, हे समजून घ्यायला हवे. आज पंचेचाळिशी-पन्नाशीत असलेले जिल्हा परिषदेचे बहुतेक शिक्षक स्वतः इंग्रजी शिकले ते पाचवीपासून. बारावीनंतर डी.एड. केले, तेही मराठीतून. आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा ते शिकवायची जबाबदारी याच पिढीवर पडली. यातले कित्येक जण महिना तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले होते. ज्या वयात त्यांनी स्वतः ए-बी-सी-डी पाहिलीही नव्हती, त्या वयाच्या मुलांना त्यांनी इंग्रजी गाणी म्हणायला शिकवली. त्यांनी शिकवायला मागेपुढे पाहिले नाही. मात्र इंग्रजीतला सलग मजकूर स्वतःसाठी वाचण्याची वेळ त्यांच्यावर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत क्वचितच आली. शासन निर्णय मराठीत, प्रशिक्षण मराठीत, अहवाल मराठीत. सवय मोडली, आणि आता त्या सवयीवर गुण मोजले जाणार.

हिशेब साधा आहे. पेपर दीडशे गुणांचा, खुल्या गटाला साठ टक्के म्हणजे ९० गुण हवेत. इंग्रजीला ३० गुण. तिथे दहाच मिळाले तर उरलेल्या १२० पैकी ८० मिळवावे लागतात, म्हणजे बालमानसशास्त्र, मराठी, गणित, परिसर अभ्यास या सगळ्यांत मिळून दोन तृतीयांश. इंग्रजीत वीस मिळाले तर बाकीच्यांतून सत्तर पुरतात. शिवाय चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे इंग्रजी सोडून देणे हा सर्वांत महागाचा मार्ग, तरीही अनेक जण तोच धरतात, कारण ‘ते आपल्याच्याने होणार नाही’ हे मनात पक्के बसलेले असते.

तयारी करणारेही बहुतेक करतात ती व्याकरणाची. बाजारातली मार्गदर्शक पुस्तके उघडून पाहा: समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या, प्रयोग बदला, काळ ओळखा, वाक्प्रचार पाठ करा. उतारे शेवटी, दहा-बारा, खाली उत्तरे छापलेली. वाचणारा आधी उत्तर पाहतो, मग उताऱ्यावरून नजर फिरवतो आणि समजले असे धरून पुढे जातो. याला सराव म्हणता येत नाही. याद्या पाठ केलेल्याला उतारा जड जातो, कारण उतारा मोठ्या शब्दांवर अडत नाही, तो लहान शब्दांवर अडतो.

समजा उताऱ्यात असे वाक्य आहे: ‘ऑल्दो द रेन्स केम लेट, द फार्मर हार्डली लॉस्ट एनी ऑफ हिज क्रॉप.’ पाऊस उशिरा आला, शेतकरी, पीक, नुकसान हे सगळे शब्द ओळखीचे. घाईत वाचणारा ‘लेट’ आणि ‘लॉस्ट’ उचलतो, पीक गेले असे ठरवतो आणि पर्यायांत नेमके तेच उत्तर त्याची वाट पाहत असते. प्रत्यक्षात पीक जवळजवळ पूर्ण वाचले आहे. वाक्याचा सगळा भार ‘ऑल्दो’ आणि ‘हार्डली’ यांवर आहे. ‘हार्डली’चा ‘हार्ड’शी संबंध जोडणारेही कमी नाहीत. ‘अनलेस’, ‘डिस्पाइट’, ‘हाउएव्हर’, ‘द लॅटर’ ही अशीच मंडळी. यादीत ती नसतात, कारण त्यांना समानार्थी शब्द देऊन गुण मिळवता येत नाहीत. प्रश्न काढणारा मात्र त्यांच्यावरच डोळा ठेवून असतो.

दुसरे वाक्य घ्या: ‘द टँक विच द व्हिलेजर्स हॅड डग ड्युरिंग द ड्राउट ऑफ १९७२ स्टिल होल्ड्स वॉटर.’ मराठीत आपण बहात्तरच्या दुष्काळात गावकऱ्यांनी खोदलेला तलाव अजून पाणी धरून आहे असे म्हणतो. तलावाचे वर्णन आधी येते, तलाव नंतर. इंग्रजीत तलाव आधी येतो, त्याच्यामागे भलेमोठे शेपूट, आणि क्रियापद थेट शेवटाजवळ. शब्दाला शब्द लावत जाणारा माणूस ‘टँक’ आणि ‘होल्ड्स’ यांच्यामध्ये हरवतो. ही अडचण बुद्धीची नाही, सवयीची आहे, आणि सवय वाचूनच लागते.

किती अवघड मजकूर वाचावा, याचे उत्तर आपल्याच उपखंडात शंभर वर्षांपूर्वी सापडले होते, आणि इथे थोडे थांबायलाच हवे. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश काळात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही एखादे पुस्तक का वाचू शकत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी पाठ्यपुस्तके तपासली. नवे शब्द इतके दाटीने येत होते की मूल दर ओळीला अडखळत होते. त्यांनी मजकूर सोपा करून नव्याने लिहिला, नवे शब्द लांब लांब अंतरावर ठेवले आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा आणले. १९२६ साली त्यांचे बंगालमधील द्वैभाषिकतेवरचे पुस्तक आले. त्यांचा आग्रह होता की अशा मुलांना आधी वाचायला शिकवा, बोलणे मागाहून येईल. शाळा मध्येच सुटणाऱ्या मुलाच्या हाती काय उरते, हे सांगताना त्यांनी विम्याचा शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम परत मिळते, तसे दोनच वर्षे शिकलेल्या मुलालाही काहीतरी वाचता आले पाहिजे. पुढे त्यांनी घालून दिलेली मर्यादा अशी की पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एकच असावा.

२००० साली न्यूझीलंडमधले भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी मार्सेला हू यांनी हीच गोष्ट प्रयोगाने तपासली. मजकुरातले ऐंशी टक्के शब्दच ओळखीचे असतील तर कुणालाच तो नीट समजला नाही. पंच्याण्णव टक्क्यांना थोड्यांना समजला. बहुतेकांना आधाराशिवाय समजायला अठ्ठ्याण्णव टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असा निष्कर्ष निघाला. अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे पन्नासात एक अनोळखी. वेस्ट यांनी घातलेली मर्यादा जवळजवळ तशीच्या तशी परत आली.

आता हे शाळेच्या कपाटाजवळ नेऊन पाहा. कपाटात बालभारतीची ‘माय इंग्लिश बुक’ मालिका आहे. सातवीचे पुस्तक काढा, कुठलाही पाठ उघडा, पेन्सिलीने शंभर शब्द मोजा आणि न कळणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा. दोनपर्यंत रेघा आल्या तर हे तुमचे पुस्तक. सात-आठ आल्या तर सहावीचे घ्या, तिथेही जमले नाही तर पाचवीचे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्याला समजेल त्या पायरीवरून रोज दोन-तीन पाने वाचणारा माणूस काही महिन्यांत दोन इयत्ता वर चढतो. वर्तमानपत्रातल्या इंग्रजी अग्रलेखाने सुरुवात करणारा मात्र आठवड्यात सोडून देतो. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत सर्रास दिला जाणारा अग्रलेखाचा सल्ला या शिक्षकांसाठी चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचायचे ते मनात. वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय असलेल्या शिक्षकाचा मनातला वेगही तोंडाच्या वेगाला बांधलेला राहतो. बेल्जियममधले मार्क ब्रायसबर्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी की इंग्रजी येणारा प्रौढ माहितीपर मजकूर मनात मिनिटाला सुमारे २३८ शब्दांनी वाचतो. आपल्याला तितके नकोच. पण टीईटीला दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे. दोनशे शब्दांच्या उताऱ्यावर पाच प्रश्न धरले तर वाट्याला पाच मिनिटे येतात. मिनिटाला पन्नास शब्दांनी वाचणाऱ्याची चार मिनिटे एका वाचनातच जातात. शंभरच्या वेगाने वाचणाऱ्याकडे प्रश्नांसाठी तीन मिनिटे राहतात आणि उतारा पुन्हा चाळायलाही वेळ मिळतो. पन्नासावरून शंभरावर जाणे, एवढेच काय ते साधायचे आहे.

‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा’ ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. कोण, कुठे, किती असे विचारले असेल तर ती चालते. उताऱ्याला शीर्षक द्या, लेखकाला काय सुचवायचे आहे असे विचारले की ती कोसळते, कारण तिथे पूर्ण उतारा डोक्यात असावा लागतो. त्यापेक्षा घरी सराव करताना एक शिस्त पाळावी: प्रत्येक उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या ओळीतून आले, ती ओळ दाखवता आली पाहिजे. ओळ सापडत नसेल तर बरोबर आलेले उत्तरही नशिबाचे समजावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या बाजूची आहे. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार मुले, वाचनात पक्क्या पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांहून पुढे गेली. म्हणजे वाचणाऱ्याचे जगणेही उतारा वाचत असते. पाऊस, पाणी, शेती, आरोग्य, मुलांचे वागणे हे विषय आपल्या गुरुजी-बाईंना तोंडपाठ आहेत. असा उतारा आला तर तेविशीतल्या उमेदवारापेक्षा त्यांचे पारडे जड आहे, फक्त मधला इंग्रजीचा पडदा पातळ करायचा आहे.

तो पातळ करायला वेळ कोण देणार, हा खरा प्रश्न. २३ नोव्हेंबरला परीक्षा होती आणि २ डिसेंबरला नगरपालिकांचे मतदान, शिक्षक दोन्हीकडे. मुदतीच्या दोन वर्षांतच २०२६ मधली जनगणनेची घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मधली प्रत्यक्ष गणना येते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांना मुभा देते, हे मान्य. पण ज्या कायद्याचा आधार घेऊन परीक्षा लादली, तोच कायदा दाखवून अभ्यासाचा वेळ काढून घ्यायचा, हे न्यायाचे नाही. दोन शिक्षकी शाळेतला एक जण गणनेला गेला की दुसऱ्याच्या अंगावर पाचही वर्ग पडतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद-संग्रामपूरच्या गावांत हे काही नवीन नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत तसेही शिक्षक एकत्र येतात. तिथला एक तास परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी इंग्रजी वाचनाला द्यावा. चार-पाच जणांचा गट, एकच पाठ, प्रत्येकाने मनात वाचायचा आणि मग उत्तराची ओळ दाखवत एकमेकांशी भांडायचे. बुलढाण्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने पाचवी ते दहावीच्या पायऱ्यांनी उतारे निवडून द्यावेत. छत्रपती संभाजीनगरची राज्य आंग्लभाषा संस्था याच कामासाठी आहे, तिची मदत घ्यावी. खर्च जवळपास शून्य. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आदेश काढायचा अवकाश आहे, आणि तो जनगणनेच्या नेमणुका हाती पडण्याआधी निघावा.

शिक्षकांनी मात्र आदेशाची वाट पाहू नये. कपाटातले सहावीचे पुस्तक आजच घरी न्या.