नाव पॅरिसचे, टाका मुंबईचा

‘ओत कुत्यूर’ हा शब्द आपल्याकडे कोणत्याही महागड्या, झगमगीत पोशाखाला सर्रास लावला जातो. फ्रान्समध्ये मात्र त्याला १९४५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. शब्दाचा अर्थ साधाच आहे : उच्च प्रतीचे शिवणकाम. हे बिरुद मिरवण्यासाठी पोशाख ग्राहकाच्या मापाने बेतलेला असावा लागतो. पॅरिसमध्ये पूर्णवेळ कारागिरांची स्वतःची कार्यशाळा असावी लागते आणि दरवर्षी जानेवारी व जुलैत नवा संग्रह सादर करावा लागतो. आधी साध्या मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवायचा, अंगावर चढवून टाचण्या लावायच्या, उसवून पुन्हा बेतायचा. मूळ कापडाला कात्री लागते ती त्यानंतर.

या परंपरेचा आरंभ चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज गृहस्थाने केला. १८५८ मध्ये त्याने पॅरिसमध्ये दुकान थाटले. तोवर गिऱ्हाइकाने सांगावे आणि शिंप्याने शिवावे, अशी रीत होती. वर्थने ती उलटी केली. नमुने तो ठरवू लागला, जिवंत तरुणींच्या अंगावर ते दाखवू लागला आणि वस्त्रावर स्वतःच्या नावाची पट्टी शिवू लागला. शिंप्याचा ‘रचनाकार’ झाला तो येथे.

पुढील शंभर वर्षे कल ठरत गेला तो मुख्यतः आकृतीवरून. युद्धकाळातील कापडटंचाईनंतर क्रिस्तियाँ दिओरने फेब्रुवारी १९४७ मध्ये आवळलेली कंबर आणि भरपूर घेराचा झगा आणला, तेव्हा जगभर तसेच झगे शिवले गेले. ही सद्दी साठच्या दशकात ओसरली. इव्ह सें लोराँने १९६६ मध्ये तयार कपड्यांचे दुकान उघडले. १९६८ मध्ये बालेन्सियागाने आपले कुत्यूरगृह बंद केले. महायुद्धानंतर शंभराहून अधिक असलेली ही गृहे घटत गेली आणि आज अधिकृत स्थायी सदस्यांची संख्या विसाच्याही आत आहे. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा नफा अत्तरे, पर्स आणि प्रसाधनांतून येतो. कुत्यूरचा पोशाख त्या नावाची झळाळी टिकवतो.

आकृतीची सत्ता संपल्यावर या पोशाखाचे वेगळेपण उरले ते हातकामात. म्हणूनच शानेलने पिसांचे काम करणारे ‘लमारिए’ आणि २००२ मध्ये भरतकामाचे ‘लसाज’ ही जुनी कारागीरगृहे विकत घेतली. मात्र हातकामाचा प्रश्न निघाला की पॅरिसची वाट मुंबईकडे वळते. लाकडी चौकटीवर कापड ताणून, आकड्याच्या सुईने साखळी टाका घेत मणी आणि टिकल्या बसवणारे आरीकाम गेली काही दशके येथील कारखान्यांतून युरोपातील नामांकित गृहांना पुरवले जात आहे. पोशाखावरील पट्टीवर त्याचा उल्लेख बहुधा नसे.

ताजा बदल घडतो आहे तो येथेच. दिओरने जानेवारी २०२० मधील कुत्यूर सादरीकरणासाठी मुंबईच्या चाणक्य संस्थेत भरलेली भव्य वस्त्रे मंडपात टांगली आणि श्रेयही जाहीरपणे दिले. ३० मार्च २०२३ रोजी त्याच गृहाने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला. तो तयार कपड्यांचा असला तरी तेथील भव्य तोरण या कारागिरीचीच कबुली होती. राहुल मिश्रा जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या अधिकृत कुत्यूर सप्ताहात निमंत्रित म्हणून दाखल झालेले पहिले भारतीय रचनाकार ठरले. जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या वैशाली शडांगुळे यांनी हातमागाचे कापड घेऊन तेथे पाऊल ठेवले. पुरवठादाराचा देश स्वतःच्या नावाने बोलू लागला.

तरीही नाव रचनाकाराचे झाले, कारागिराचे नव्हे. मुंबईतील भरतकामाच्या कारखान्यांतील सुरक्षितता सुधारावी म्हणून काही बड्या युरोपीय कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘उत्थान’ नावाचा करार केला. चार वर्षांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी कारागीर अपुऱ्या सोयींत आणि तुटपुंज्या संरक्षणावर काम करताना आढळले. हाताने घातलेला प्रत्येक टाका हेच या वस्त्राचे मोल असेल, तर त्या मोलातला वाटा हातापर्यंत पोहोचायला हवा. वर्थने पट्टीवर स्वतःचे नाव शिवले, त्याला दीड शतक उलटून गेले आहे. चौकटीवर वाकून बसलेल्या कारागिराची मजुरी, त्याचे डोळे आणि त्याची पाठ यांचा हिशेब आता त्या पट्टीमागे मांडला जायला हवा.