‘सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे हो!’

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. तेव्हापासून ‘विंडोज ११ टाकून द्या’ म्हणणारा प्रत्येक जण पुढचं वाक्यही ठरलेलंच बोलतो, “बॅकअपची गरज नाही, सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे.” आणि विंडोज टाकणारा मान डोलावतो, “सी उडवायचा फक्त, डीला हात लावत नाही.”

सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली, लॅपटॉप चोरीला गेला, चहा सांडला, तर दोन्ही एकदमच जातात. जादा किल्ली त्याच जुडग्यात अडकवून निर्धास्त राहावं, तसलं हे.

बरं, डीला हात लागत नाही हे तरी खरं? विंडोज नव्याने टाकताना जो पडदा येतो, त्यावर सी-डी ही अक्षरं नसतातच. तिथे ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ असं लिहिलेलं असतं आणि समोर आकार. दोन भाग सारख्याच आकाराचे असले की डिलीट कशावर दाबलं जाईल ते देव जाणे. डिस्क एसएसडी असेल तर फॉरमॅटबरोबर विंडोज ‘ट्रिम’चा, म्हणजे जागा खरोखर रिकामी करण्याचा, आदेशही देते, मग रिकव्हरीवाल्याच्या हाती सहसा काही लागत नाही. त्यात विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं, तर अनेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि त्यात डीही येतो. ४८ अंकी रिकव्हरी की खात्यात जमा असते. ते खातं दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं नाही ना, एवढं बघा.

शिवाय ‘सगळं’ डीमध्ये नसतंच! डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे मुळात सीमध्ये. हिशेबाच्या टॅलीप्राइमचा डेटाही, जागा बदलली नसेल तर, सीमधल्या पब्लिक फोल्डरात. जुन्या बिगर-युनिकोड मराठी फाइलींचे फॉन्टही सीमध्येच. ते गेले की फाइल उघडते, पण अक्षरांचा काला झालेला असतो.

बॅकअप म्हणजे वेगळ्या उपकरणावरची प्रत, आणि कॉपी झाल्यावर ते उपकरण काढून ठेवायचं. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब अजून चोख आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आणि प्रत उघडून बघा, दुसऱ्या मशीनवर. २०१७ मध्येच गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या अनेक सोयी असूनही ऐनवेळी त्या कुचकामी ठरल्या; सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने होती म्हणून निभावलं. तिथे ही गत, तर आपली काय कथा!

“वनड्राइव्ह आहे की.” ते सिंक आहे. इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते, आणि वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये तीस दिवस टिकते. फुकट जागा ५ जीबी.

“अपग्रेड केलं की सगळं जातं.” नाही. विंडोज १० वरून थेट ११ वर गेलात तर फाइली आणि प्रोग्रॅम राहतात, दहा दिवसांत माघारीही फिरता येतं. मात्र ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज अपडेटने काही जणांच्या फाइली खरोखर पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचं वितरण थांबवावं लागलं, म्हणून आधी प्रत काढायचीच.

“अपडेट नंतर बघू.” वॉनाक्राय पसरला मे महिन्यात; त्याला रोखणारा अपडेट मार्चमध्येच आला होता.

“विंडोज १० बंद पडलं.” चालतं, फक्त सुरक्षेचं ठिगळ मिळत नाही. ज्यांना घाई नको, त्यांच्यासाठी घरगुती वापरात सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते.